रविवारचा खेळाडू आणि आठवड्याचें बळ

व्यायाम हा शब्द कानांवर पडतांच सामान्य सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढें दोन चित्रें उभीं राहतात. एक, तालमीच्या तांबड्या मातींत पहांटे शेंकडों जोर आणि बैठका काढणारा पहिलवान. आणि दुसरें, आरशांनीं मढविलेल्या व्यायामशाळेंत लोखंडाच्या चकत्या उचलणारा तरुण. यांपैकीं एकहि चित्र आपलें नव्हे, असें मनाशीं ठरवून तो वर्तमानपत्राचें पान उलटतो आणि विषय तेथेंच संपतो. परंतु हाच गृहस्थ रविवारीं पहांटे उठून मित्रमंडळींबरोबर सिंहगड चढावयास निघतो, कॉलनींतील मुलांच्या क्रिकेटांत दोन षट्कें टाकतो, नाहीं तर कचेरीच्या वार्षिक स्पर्धेंत नांव देऊन बसतो. म्हणजे तोहि खेळाडूच आहे. उणीव आहे ती तयारीची. अशा रविवारच्या खेळाडूनें उरलेल्या सहा दिवसांत थोडक्या वेळांत बळ कसें कमवावें, आणि तें त्याच्या व त्याच्या घरच्या माणसांच्या कोणत्या कामीं येतें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

गडावरून उतरलेल्या अशा गृहस्थाची पुढची मंगळवारची सकाळ पाहण्यासारखी असते. जिना उतरतांना तो कठड्याचा आधार घेतो, खुर्चींत बसतांना ओठ आवळतो, आणि 'आतां वय झालें' असा निर्णय देऊन मोकळा होतो. वस्तुतः सगळा दोष वयाचा नसतो. गड चढतांना दम लागतो, पण मांड्यांची खरी परीक्षा होते ती उतरणीवर. उतरतांना प्रत्येक पावलागणिक मांडीचा पुढचा स्नायु शरीराचा भार तोलून धरीत असतो आणि त्याच क्षणीं लांबहि होत असतो. अशा ताणाची संवय नसलेल्या स्नायूंत सूक्ष्म इजा होते, व तिची वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शिगेस पोंचते. हाच स्नायु आदल्या कांहीं आठवड्यांत थोडाथोडा असाच ताणला गेला असता, तर ही वेदना पुष्कळच कमी झाली असती. आणि ती ताणण्यासाठीं गड लागत नाहीं; सावकाश खालीं जाणारी साधी बैठक तेंच काम करते.

शरीराचा नियम मोठा सरळ आहे. जें काम त्याच्यापुढें नित्य ठेवावें, त्या कामापुरतें तें स्वतःस घडवितें. आणि जें काम काढून घ्यावें, त्याची शक्ति तें हळूहळू टाकून देतें. मोडलेला हात सहा आठवडे प्लास्टरमध्यें राहिला, तर बाहेर निघतांना तो बारीक झालेला दिसतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. नियमाची दुसरी बाजू सांगणारी एक जुनी ग्रीक दंतकथा आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत दक्षिण इटलींतील क्रोटोन या ग्रीक वसाहतींत मायलो नांवाचा मल्ल होऊन गेला. त्यानें एक वासरूं रोज खांद्यावर घेण्याचा परिपाठ ठेवला. वासरूं वाढत गेलें तसें मायलोचें बळ वाढत गेलें, आणि शेवटीं भरल्या अंगाचा बैलहि त्यानें खांद्यावर पेलला. कथेंतील अतिशयोक्ति सोडून दिली, तरी तिचें मर्म खरें आहे. भार आजच्या शक्तीला थोडा जड असावा, तो नित्य असावा, आणि शक्ति वाढेल तसा तो वाढत जावा.

हेंच मर्म दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैन्यांतील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनीं शास्त्रशुद्ध रीतीनें मांडलें. जखमी सैनिकांचे दुबळे झालेले पाय सुधारावयाचे म्हणजे हलकें वजन पुष्कळ वेळां हलवावयाचें, अशी त्या काळची पद्धत होती. डिलॉर्म यांनीं जड वजन थोड्या वेळां उचलावयास लावलें आणि बळ वाढेल तसें वजन वाढवीत नेलें. हा अनुभव त्यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९४८ सालीं वॉटकिन्स या सहकाऱ्यासह त्यांनीं ही रीत सुटसुटीत केली : जें वजन जेमतेम दहा वेळां उचलतां येतें तें शोधावयाचें, प्रथम त्याच्या निम्म्यानें, मग त्याच्या पाऊणपटीनें आणि शेवटीं पूर्ण वजनानें दहा-दहा आवर्तनें करावयाचीं. आज जगभर बळाचा जो व्यायाम शिकविला जातो, त्याच्या मुळाशीं हाच साधा हिशेब आहे.

महाराष्ट्राला व्यायामाची परंपरा नवी नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली. औंधचे अधिपति भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांनीं सूर्यनमस्काराचा नेम स्वतः धरला आणि आपल्या संस्थानच्या शाळांतूनहि तो चालू केला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, त्यामागेंहि तालमींतील मेहनतच होती. जोर, बैठक आणि नमस्कार या प्रकारांचा मोठा गुण असा कीं, त्यांना साधन लागत नाहीं आणि जागा सतरंजीएवढी पुरते. मात्र या परंपरेबरोबर संख्येचा एक अभिमान घराघरांत शिरला. 'आमचे आजोबा पांचशें बैठका काढीत' हें वाक्य ऐकून नातू पंधराव्या बैठकीला लाजतो आणि दुसऱ्या दिवशीं व्यायाम सोडून देतो.

संख्या आणि बळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्याला पन्नास बैठका सहज जमतात, त्यानें शंभर काढल्या तर त्याची चिकाटी वाढेल. बळ त्या मानानें वाढणार नाहीं. त्याला बळ हवें असेल, तर बैठकीवरील भार वाढविला पाहिजे. तालमींतहि जोडी आणि नाल हीं भाराचीं साधनें होतीं, तीं याचसाठीं. उलट, ज्याला दहा बैठका जड जातात, त्याच्या दृष्टीनें त्या दहांतच सगळी कमाई आहे. त्यानें आजोबांच्या पांचशेंकडे पाहूं नये. आपल्या अकराव्या बैठकीकडे पहावें.

आतां हें बळ मिळवून करावयाचें काय, असा प्रश्न कोणी विचारील. सिंहगड हें त्याचें एक उत्तर. पण अधिक महत्त्वाचें उत्तर घरांतच आहे. जुन्या मराठी घरांत जेवण पाटावर, लिहिणें बैठ्या मेजावर आणि निजणें जमिनीवर असे. लहानथोर सर्वांची दिवसांतून कितीतरी वेळां जमिनीपर्यंत उठबस होई, आणि कोणी न मोजतां मांड्यांची तालीम घडे. आज शहरांतील घरांत जेवणाचें टेबल आलें, पलंग आला, सोफा आला, जिन्याच्या जागीं लिफ्ट आली. या सोयी चांगल्याच आहेत, व आजाऱ्याला आणि वृद्धाला त्या उपकारकहि आहेत. पण त्यांच्याबरोबर ती न मोजलेली तालीम घरांतून निघून गेली, आणि तिच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं.

ब्राझिलमधील डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो आणि त्यांचे सहकारी यांनीं ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ स्त्रीपुरुषांची एक साधी परीक्षा घेतली व तिचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध केला. परीक्षा एवढीच कीं, उभ्यानें जमिनीवर बसावें आणि पुन्हा उठावें. बसण्याचे पांच व उठण्याचे पांच गुण; हात, गुडघा वा दुसरा आधार टेकला कीं दर वेळीं एक गुण कमी, आणि तोल गेला तर अर्धा कमी. ज्यांना फार थोडे गुण मिळाले, त्यांच्यांत पुढील सुमारें सहा वर्षांत मृत्यूचें प्रमाण चांगले गुण मिळविणारांपेक्षां पुष्कळ अधिक आढळलें. यावरून उठबस केल्यानें आयुष्य वाढतें, असा घाईचा निष्कर्ष काढूं नये. जो आधींच आजारी आहे त्याला उठणें कठीण जातें, हेंहि त्यांत आलेंच. तरी जमिनीवरून स्वतःच्या बळावर उठतां येणें ही प्रकृतीची एक खूण आहे, एवढें त्यावरून खास म्हणतां येईल. न्हाणीघरांत पाय घसरून पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला तर दुखापतीइतकीच भीति वाटते ती उठतां न येण्याची. दार आंतून लावलेलें असतें, आणि हांक बाहेर पोंचत नाहीं.

हें बळ एकदां गेलें म्हणजे कायमचें गेलें, अशी समजूत सर्वत्र आहे, आणि ती चुकीची आहे. बोस्टन येथील एका वृद्धाश्रमांत डॉक्टर मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम दिला. आठवड्यांतून तीन दिवस वजन उचलावयाचें आणि झेपेल तसें वाढवावयाचें, असा क्रम होता. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें नऊ जणांनीं तो पुरा केला. त्यांच्या मांड्यांचें बळ सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढलें, आणि दोघांना चालतांना काठीची गरज उरली नाहीं. नव्वदीच्या शरीरांत ही शक्ति शिल्लक असेल, तर पंचेचाळिसाव्या वर्षीं 'वय झालें' म्हणणाऱ्यानें आपला निर्णय पुन्हा तपासून पहावा.

येथें घरांतील स्त्रियांचा विचार वेगळा केला पाहिजे. गृहिणीचा दिवस कामांतच जातो, तिला निराळा व्यायाम कशाला, असें पुष्कळ घरांत म्हटलें जातें. पण श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रमांत भार कामाच्या सोयीनें येतो; व्यायामांत तो शरीराच्या सोयीनें येतो व त्यामागून विश्रांति येते. ओट्याशीं तासन् तास उभें राहून पाय दुखतात, पण मांड्या बळकट होत नाहींत. शिवाय पाळी थांबल्यानंतर स्त्रियांचीं हाडें झपाट्यानें ठिसूळ होऊं लागतात, आणि भाराचा व्यायाम हा हाडें टिकविण्याचा एक चांगला उपाय आहे. वजन उचलल्यानें स्त्रीचें शरीर पुरुषी होतें, ही भीति निराधार आहे. पुरुषांसारखे स्नायु वाढविणारा अंतःस्राव स्त्रियांच्या शरीरांत फारच थोडा असतो. अडचण खरी आहे ती वेळेची. तेव्हां तेवढा अर्धा तास कुकरच्या शिट्या घरांतील दुसऱ्या कोणीं तरी मोजाव्या, हेंच तिच्या व्यायामाचें पहिलें साधन होय.

बाकीचीं साधनें प्रत्येक घरांत आहेत. एक न हलणारी भक्कम खुर्ची, स्वयंपाकघरांतील ओटा, आणि मुठीचे व घट्ट झांकणाचे पांच लिटरचे दोन कॅन. पाण्याचा गुण असा कीं, एक लिटर पाणी एक किलो भरतें. त्यामुळें नळाखालीं धरलेला कॅन हें हवें तेवढें वाढविण्याजोगें वजन होतें. मायलोचें वासरूं आपल्या मनानें वाढत होतें. कॅनमधील पाणी अर्ध्या-अर्ध्या लिटरनें, ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणें वाढवितां येतें.

व्यायाम पांच पुरेत. पहिली बैठक : खुर्चीपुढें उभें राहून मनांत तीन अंक मोजीत सावकाश बसावें आणि हात न टेकतां उठावें. हें सोपें झालें कीं खुर्चीच्या जागीं बुटकें स्टूल घ्यावें. तेंहि सोपें झालें कीं छातीशीं पाण्याचा कॅन धरावा. दुसरा जोर : आरंभीं भिंतीला, मग ओट्याच्या कडेला आणि शेवटीं जमिनीवर हात टेकून करावा, डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर फळीसारखें सरळ राहिलें पाहिजे. तिसरी उचल : कॅन दोन्ही पावलांच्या मध्यें ठेवून, पाठ सरळ व कंबर मागें नेऊन, गुडघे थोडे वांकवून तो उचलावा आणि तसाच परत ठेवावा. घरांत पाठ धरते ती बहुधा पाठीची कमान करून भरली बादली उचलतांना; ती टाळण्याचें शिक्षण या व्यायामांत मिळतें. चौथी ओढ : एक हात खुर्चीच्या बैठकीवर टेकून पुढें वांकावें, आणि दुसऱ्या हातांतील कॅन कोपर मागें नेत कमरेपर्यंत ओढावा. पांचवें वहन : दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन ताठ मानेनें घराच्या गॅलरींत अर्धें-एक मिनिट चालावें. मंडईतून पिशव्या आणणारास याचा उपयोग सांगावयास नको.

मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस यासाठीं राखावे. रविवारच्या खेळाला त्यामुळें अडथळा येत नाहीं आणि मध्यें विश्रांतीहि मिळते. पहिल्या चार व्यायामांचीं आठ ते बारा आवर्तनें, आणि प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, एवढें आरंभीं पुष्कळ झालें; महिन्या-दीड महिन्यानें तिसरी फेरी जोडावी. अजून दोन आवर्तनें निघतील असें वाटत असतांनाच थांबावें. दांतओंठ खाऊन शेवटचें आवर्तन काढण्यांत सामान्य गृहस्थाचा लाभ थोडा आणि धोका अधिक असतो. लागोपाठ दोन दिवस बारा आवर्तनें सहज निघालीं, म्हणजे पुढच्या खेपेस अर्धा लिटर पाणी वाढवावें आणि पुन्हा आठांपासून आरंभ करावा. हा हिशेब एका वहींत मांडावा. मन फसवितें, वही फसवीत नाहीं.

बळाच्या जोडीला दम हवा. लंडन येथें जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेली पाहणी या विषयांत प्रसिद्ध आहे. शहरांतील दुमजली बसचे चालक दिवसभर बसून असत आणि वाहक जिन्यावरून खालींवर करीत असत; चालकांपेक्षां वाहकांत हृदयविकार कमी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें प्रौढांनीं आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि त्याखेरीज निदान दोन दिवस बळाचा व्यायाम करावा. पांसष्ट वर्षांवरील माणसांनीं तोल संभाळण्याचा व बळाचा व्यायाम तीन दिवस करावा, असेंहि तींत सांगितलें आहे. मध्यम श्रमाची खूण सोपी आहे. भरभर चालतांना सोबत्याशीं बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये. रोज अर्धा तास याप्रमाणें पांच दिवस चालल्यानें दीडशें मिनिटें भरतात. गडाचा बेत असेल, तर आधींचे सहा-आठ आठवडे इमारतीचे जिने चढावे, आणि लिफ्टनें न येतां पायींच उतरावेहि. उतरणीची तयारी उतरूनच होते.

बळ वाढतें तें व्यायामाच्या वेळीं नव्हे. व्यायामानें दिलेल्या हांकेला शरीर उत्तर देतें तें मागाहून, झोपेंत आणि अन्नांतून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणें प्रौढाला दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारें ५० ग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळींत तीं सुमारें २२ ग्रॅम आणि एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम असतात. ताटांत भाताचा डोंगर आणि वरणाचा ओहोळ, ही आपल्या जेवणाची नेहमींची रचना थोडी बदलली, वरण घट्ट केलें, उसळ, दहीं, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडीं-मासे यांना जागा दिली, तर महागड्या भुकट्यांची गरज सहसा पडत नाहीं.

कांहीं सूचना मात्र ध्यानांत ठेवाव्या. भार उचलतांना श्वास कोंडूं नये. जोर लावतांना तो सोडावा. छातींत दुखणें, घेरी येणें वा एकाएकीं धाप लागणें असें झाल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांकडे जावें. ज्यांना हृदयविकार, वाढलेला रक्तदाब वा जुनें दुखणें आहे, त्यांनीं आरंभापूर्वींच त्यांचा सल्ला घ्यावा. स्नायूंचें बोथट दुखणें दोन-तीन दिवसांत ओसरतें, व त्याचें भय नको. सांध्यांतील तीव्र कळ ही मात्र थांबण्याची आज्ञा समजावी. आणि प्रवासामुळें वा लग्नकार्यामुळें दोन आठवडे खंड पडला, तर मागील भारावर एकदम उडी न घेतां थोडें पाणी कमी करून पुन्हा सुरुवात करावी.

या सर्व खटाटोपाचें फळ आरशांत फारसें दिसणार नाहीं, हें आधींच सांगितलेलें बरें. तें जिन्यावर दिसेल, मंडईच्या पिशव्यांत दिसेल, आणि गड उतरल्यावर मंगळवारीं सकाळीं दिसेल. पुढें वीस-तीस वर्षांनीं, जेव्हां घरांतील इतर माणसें आपापल्या कामाला बाहेर गेलेलीं असतील, तेव्हां जमिनीवर पडलेली वस्तु वांकून उचलतां येणें आणि जमिनीवरून कोणाच्या हाताशिवाय उठतां येणें, यांत तें सर्वांत अधिक दिसेल. त्या दिवसाची तरतूद त्या दिवशीं करतां येत नाहीं. ती येत्या मंगळवारीं, पहिल्या आठ बैठकांनीं करावयास लागावें.